चाकातील हवा आणि वर्गातील विज्ञान

(माध्यमिक शाळांतील विज्ञान शिक्षक आणि पालक यांच्या एकत्रित वर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आजच्या विषयाची पत्रिका वाचून काहींना थोडे नवल वाटले असणे स्वाभाविक आहे. शिक्षकांच्या वर्गात मूल्यशिक्षण, मातृभाषा, इतिहासाचे पुनर्लेखन असे विषय असतात. इथे मात्र ‘टायरमधील हवेचा दाब मोजणारी साधी यंत्रणा वर्गात कशी तयार करावी’ असा गॅरेजमध्ये शोभेलसा विषय आहे. पण प्रवास हा ज्यांच्या जीवनाचा भागच झाला आहे असे अनेक कार्यकर्ते समोर बसलेले दिसत आहेत. महिन्यातील पंधरा-पंधरा दिवस मोटारसायकलवर, जीपगाडीत, रात्री-अपरात्री फिरणारी ही मंडळी आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी गेल्या महिन्यात आपल्या वाहनाची हवा मापकाने तपासली, हा प्रश्न मी इथे विचारत नाही. हात वर करायला लावले तर सभेचा विरस होईल.

२०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. हा केंद्रीय परिवहन मंत्रालयाचा अधिकृत आकडा आहे. युद्धात एवढी माणसे गेली असती तर देश हादरला असता. या सर्वच अपघातांचे कारण टायर होते असे कुणी म्हणणार नाही. भरधाव वेग, मद्यपान, शिरस्त्राण न घालणे, चुकीच्या बाजूने वाहन हाकणे ही मोठी कारणे आहेतच. परंतु घरातील सुशिक्षित, निर्व्यसनी, सावध चालकही ज्या कारणापुढे असाहाय्य होतो, असे एक कारण टायरचे आहे. शिवाय हे कारण आठवड्यातील पाच मिनिटांत टाळता येण्याजोगे आहे.

बत्तीस हवा म्हणजे काय?

आपण पंपावर जातो आणि म्हणतो, ‘बत्तीस हवा भरा.’ हे बत्तीस कशाचे? बत्तीस पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचावर बत्तीस पौंड इतका दाब. मेट्रिक भाषेत सांगायचे तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे सव्वादोन किलोग्रॅम. आता एक हिशेब मुलांकडून करून घ्या. एका लहान मोटारीचे वजन माणसांसह हजार किलो धरले तर प्रत्येक चाकावर अडीचशे किलो येतात. हे अडीचशे किलो मुख्यतः आतली हवाच पेलते. भागाकार केला तर टायर जमिनीला टेकतो ती जागा सुमारे एकशे अकरा चौरस सेंटिमीटर निघते. आपले पोस्टाचे कार्ड साधारण सव्वाशे चौरस सेंटिमीटरचे असते. म्हणजे ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारे एक सबंध कुटुंब चार पोस्टकार्डांएवढ्या जागेवर विसंबून असते! हा आकडा फळ्यावर आला की वर्गात जी शांतता पसरते, ती कोणत्याही भाषणाने पसरत नाही.

हवा कमी झाली की टेकण्याची जागा वाढते. मग पकड वाढून गाडी अधिक सुरक्षित होईल, असे वरवर वाटते. इथेच घात होतो. टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते आणि सरळ होते. हवा कमी असेल तर ती अधिक दबते. लोखंडी तार हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाकवली तर ती गरम होते आणि शेवटी तुटते, हा अनुभव प्रत्येक मुलाने घेतलेला असतो. टायरच्या भिंतीचे तेच होते. आत उष्णता साठते, रबर आणि दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि एका क्षणी टायर फाटतो. लोक म्हणतात, ‘हवा जास्त झाली म्हणून फुटला.’ बहुतेक वेळा ती कमी असते.

अतिहवेचे दोष नाहीत असे नाही. टायर मधोमध झिजतो, खड्ड्याचा मार त्याला अधिक बसतो. पण आपल्या समाजात जो समज खोलवर रुजला आहे तो उलट दिशेचा आहे. ‘उन्हाळा आहे, हवा थोडी कमीच ठेवा’ हे वाक्य विदर्भ-मराठवाड्यात फाल्गुन संपला की सर्रास ऐकू येते. वडीलधारी माणसे सांगतात, चालक सांगतात, पंपावरचा मुलगाही सांगतो. सांगणाऱ्यांचा हेतू शुद्ध असतो. हा समज खोडायचा असेल तर उपदेश उपयोगी पडत नाही, कारण उपदेश करणाऱ्यापेक्षा सांगणारा वयाने मोठा असतो. त्यासाठी मोजमाप हवे, आणि ते मुलाने स्वतःच्या हाताने केलेले हवे. माझ्या दृष्टीने या यंत्रणेचे खरे प्रयोजन हे आहे.

अमेरिकेने शिकलेला धडा

या विषयात कायदा कसा आला, हे पाहण्यासारखे आहे. टायरचा दाब चालकाला आतूनच समजावा ही सोय सर्वप्रथम १९८६ मध्ये पोर्शे ९५९ या अतिशय महागड्या मोटारीत आली. म्हणजे आरंभी ती श्रीमंतांची चैन होती. पुढे अमेरिकेत फोर्ड एक्स्प्लोरर या गाडीला बसवलेल्या फायरस्टोन टायरांचे बाह्य आवरण धावत्या गाडीत सुटू लागले, गाड्या उलटू लागल्या. ऑगस्ट २००० मध्ये पासष्ट लाख टायर परत मागवण्याची घोषणा झाली. तेथील शासकीय यंत्रणेच्या हिशेबाने या प्रकरणात २७१ माणसे मरण पावली. दोन्ही कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. वादाच्या मुळाशी एक आकडा होता. गाडीच्या कंपनीने सव्वीस पीएसआय हवा सुचवली होती, तर टायर कंपनीचे म्हणणे होते की ती तीस हवी. चार पीएसआयचा हा फरक! आपण त्याला ‘चालतंय’ म्हणून सोडून दिले असते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने कायदा केला आणि त्यातून पुढे असा दंडक आला की, सुचवलेल्या दाबापेक्षा हवा पंचवीस टक्क्यांनी कमी झाली की गाडीत सूचनेचा दिवा लागलाच पाहिजे. २००७ च्या सप्टेंबरपासून तेथील सर्व नव्या हलक्या वाहनांना तो लागू झाला. युरोपने २०१४ च्या नोव्हेंबरपासून सर्व नव्या प्रवासी मोटारींसाठी तेच केले. आपल्याकडे २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी वाहनात ट्यूबविरहित टायर, दाबाची माहिती देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर जादा चाक बाळगण्याची सक्ती त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून उरली नाही. तरीही आपल्या रस्त्यांवरील असंख्य जुन्या मोटारी, रिक्षा, टेंपो आणि दुचाकी यांच्यात आजही अशी काहीही सोय नाही. त्यांचा रक्षक म्हणजे त्यांचा चालक आणि त्याच्या घरातील शाळकरी मूल.

आपल्या राज्यात समृद्धी महामार्ग झाला. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ज्या टायरांनी आयुष्यभर गावाच्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या वेगाने विसावे घेत प्रवास केला, तेच टायर आता तासन् तास शंभर-एकशे वीसच्या वेगाने धावतात. त्यांना थंड व्हायला उसंत मिळत नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खासगी बसला आग लागून पंचवीस प्रवासी होरपळून गेले. तेव्हा पहिली बातमी ‘टायर फुटला’ हीच होती. नंतर प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांच्या अहवालात, टायर फुटल्याच्या खुणा घटनास्थळी आढळल्या नाहीत असे नमूद झाले. मी हे मुद्दाम सांगतो. प्रत्येक अपघात टायरच्या माथी मारणे हेही अशास्त्रीयच आहे. खूण आढळली का, आकडा काय होता, मोजले कुणी, हे विचारण्याची सवय आपल्याला लावायची आहे, आणि ती आपल्या बाजूच्या युक्तिवादालाही लागू पडते.

प्रत्यक्ष मांडणी

आता कामाकडे वळू. साहित्य फार नाही. भंगारातून आणलेले, पण टायर सुस्थितीत असलेले स्कूटरचे एक चाक. सायकलचे चाक घेऊ नका, कारण आपल्याकडील साध्या सायकलींचा रबरी नळीचा व्हॉल्व्ह या कामाला जुळत नाही. पायाने मारायचा पंप. तीन तोंडांचा पितळी जोड. जाळीची मजबूत नळी आणि ती आवळण्याच्या क्लिपा. दाब-संवेदक, अर्थात प्रेशर सेन्सर, शून्य ते शंभर पीएसआय मोजणारा, तीन तारांचा. आर्डुइनोची एक पट्टी, एक हिरवा दिवा, एक तांबडा दिवा आणि एक बझर. चाक सोडून हे सर्व साहित्य साधारण दोन हजार रुपयांच्या आत येते.

चाकाच्या व्हॉल्व्हमधील पिन काढून टाका आणि तिथून नळीने तीन तोंडांच्या जोडाकडे या. दुसऱ्या तोंडाला सेन्सर, तिसऱ्या तोंडाला जुन्या ट्यूबचा पिनेसह व्हॉल्व्ह, म्हणजे पंप लावण्याची सोय होते. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. ही परीक्षा शिकवायला शाळेजवळच्या पंक्चर काढणाऱ्या कारागिराला बोलवा, त्याला नारळ देऊन त्याचा सत्कार करा आणि त्या तासाला विज्ञान शिक्षकांनी मुलांबरोबर बाकावर बसावे. श्रमप्रतिष्ठेवरचा धडा वेगळा घ्यावा लागणार नाही.

सेन्सरच्या तीन तारांपैकी दोन विजेच्या, पाच व्होल्टच्या. तिसरी तार निरोप आणणारी. दाब शून्य असताना तिच्यावर अर्धा व्होल्ट येतो, शंभर पीएसआयला साडेचार व्होल्ट येतात. म्हणजे प्रत्येक पीएसआयमागे चाळीस मिलिव्होल्ट. ही तार आर्डुइनोला जोडली की ती पट्टी पाच व्होल्टचे १०२४ भाग करून मोजते. शून्य दाबाला १०२ च्या आसपास आकडा दिसेल, अठ्ठावीस पीएसआयला ३३२ आणि एकवीसला २७४. नववीच्या मुलाला सरळ रेषेचे समीकरण येत असते. ते कशासाठी असते, हे त्याला इथे समजते. उलटा हिशेब करून पडद्यावर पीएसआय दाखवणे हे काम त्यालाच करू द्या. तयार प्रोग्रॅम उतरवून घेण्यात काहीच हाती लागत नाही.

आपल्या चाकाला अठ्ठावीस हवा ठरवली, तर पंचवीस टक्के कमी म्हणजे एकवीस. तिथे तांबडा दिवा लागला पाहिजे. पण मुले पहिला प्रोग्रॅम लिहितात तेव्हा एकवीसच्या आसपास दिवा लुकलुकत राहतो, कारण वाचन थोडेसे वरखाली होतच असते. मग त्यांना सुचू द्या की, दहा वाचनांची सरासरी घ्यावी. दिवा एकवीसला लागावा, पण हवा चोवीसच्या वर गेल्याशिवाय विझू नये. मोठमोठ्या कारखान्यांतील नियंत्रण यंत्रणांत हेच तत्त्व असते.

सुरक्षेबाबत मात्र तडजोड नको. तीस पीएसआयच्या वर हवा भरायची नाही. टायरबाहेर काढलेली नुसती ट्यूब भरायची नाही, ती फुगून फुटते. डोळ्यांवर चष्मा, चाक भिंतीशी बांधलेले, पंप शिक्षकांच्या देखरेखीखाली. संपीडित हवा ही दिसत नसली तरी ताणलेल्या धनुष्यासारखी असते.

आकड्याची साक्ष

यंत्राने आकडा दाखवला म्हणजे तो खरा झाला, असे नाही. ही गोष्ट आपल्या प्रयोगशाळांत जवळजवळ शिकवलीच जात नाही. बाजारातून आणलेला सेन्सर खोटे बोलत नाही कशावरून? पंपावरचा मापक त्याच्याशी जुळवून पाहता येईल, पण तो मापक तरी खरा कशावरून? तेव्हा निसर्गाचाच मापक घ्यावा. पाण्याचा एक मीटर उंच स्तंभ सुमारे १.४२ पीएसआय दाब देतो. सात मीटर उंचीचा स्तंभ जवळपास बरोबर दहा पीएसआय देतो. गवंडी ज्या पारदर्शक नळीने पाणसळ धरतात, ती लांब नळी घ्या. शाळेच्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून खाली सोडा, तळाशी सेन्सर आवळा आणि वरून पाणी भरा. मध्ये बुडबुडे राहता कामा नयेत. टेपने बरोबर सात मीटर उंची मोजली की यंत्रावर दहा पीएसआय, म्हणजे १८४ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. साडेतीन मीटरला पाच दिसले पाहिजेत. दिसले तर सेन्सर विश्वासार्ह आहे. दिसले नाहीत तर किती चुकतो ते आपल्याला कळले, आणि तेवढी दुरुस्ती हिशेबात करता येते. सबंध प्रकल्पातील मला सर्वांत प्रिय असलेला भाग हाच आहे. दोन मजल्यांवरून खाली लोंबणारी पाण्याची नळी आणि तिच्याभोवती जमलेली मुले हे दृश्य ज्या शाळेत दिसेल, ती शाळा जिवंत आहे असे खुशाल समजावे.

उन्हातला प्रयोग

आता त्या उन्हाळ्याच्या समजाकडे येऊ. चैत्र-वैशाखातील एखाद्या दिवशी सकाळी, सावलीत तापमान पंचवीस अंश असताना चाकात अठ्ठावीस हवा भरा. मग चाक पटांगणात उन्हात ठेवा. दर अर्ध्या तासाने टायरचे तापमान आणि दाब लिहा. हवा बंदिस्त असेल आणि तिचे तापमान वाढले तर तिचा दाब वाढतो, हे पुस्तकात आहे. पण इथे एक मेख आहे. हिशेब करताना मापकावरचा आकडा घेऊन चालत नाही, त्यात वातावरणाचा १४.७ पीएसआय मिळवावा लागतो. आणि तापमानही सेल्सियसमध्ये नव्हे, केल्व्हिनमध्ये घ्यावे लागते. रिकाम्या टायरमध्येही वातावरणाची हवा असतेच, मापक तिला शून्य म्हणतो इतकेच. या हिशेबाने टायर पंचावन्न अंशांपर्यंत तापला तर दाब अठ्ठावीसवरून साधारण बत्तीसवर जाईल. टायर किंचित फुगत असल्याने प्रत्यक्षात थोडा कमी येईल. मुलांनी आधी अंदाज लिहावा, मग वाचन घ्यावे.

भर दुपारी बत्तीसचा आकडा पाहून आपला सावध चालक काय करतो? ‘चार हवा जास्त झाली’ म्हणून काढून टाकतो. तुम्हीही काढा. अठ्ठावीसवर आणा आणि चाक सावलीत ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पंचवीस अंश तापमान असताना वाचन घ्या. मापक सुमारे चोवीस दाखवील. काल दुपारी ज्याला आपण ‘जास्तीची हवा’ म्हटले ती जास्त नव्हतीच. उत्पादकाने सुचवलेला आकडा थंड टायरसाठी असतो आणि तापल्यावर दाब वाढणार हे त्याने आधीच धरलेले असते. आता हे चोवीस हवेचे चाक घेऊन माणूस सकाळी नागपूरहून निघाला, तर टायर अधिक दबणार, अधिक तापणार. म्हणजे ज्या भीतीपोटी हवा काढली, तीच भीती खरी होण्याची वाट त्याने स्वतः मोकळी केली.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडली आहे. चोवीसवर आपला तांबडा दिवा लागत नाही, तो एकवीसला लागतो. नव्या महागड्या गाडीत दिवा असल्याने जे निर्धास्त असतात त्यांनी हे लक्षात घ्यावे. दिवा लागणे ही शेवटची घंटा असते. दिवा नाही म्हणजे हवा बरोबर आहे, असे त्याचे म्हणणे नसतेच.

काही गाड्यांत तर दाब मोजणारा सेन्सरच नसतो. हवा कमी झालेल्या चाकाची त्रिज्या किंचित घटते आणि तेवढेच अंतर कापायला ते इतरांपेक्षा थोडे अधिक फिरते. ब्रेकच्या यंत्रणेतील वेगमापक हा फरक ओळखतात. युक्ती सुंदर आहे, पण चारही चाकांतील हवा एकसारखी कमी झाली तर ती फसते. आपल्याकडे नेमके तेच होते, कारण आपण चारही चाकांकडे सारख्याच निष्ठेने दुर्लक्ष करतो! ही युक्ती समजावून द्यायला विजेचीही गरज नाही. ज्या शाळेत एकही सेन्सर येण्याची शक्यता नाही तिथे सायकलच्या पुढच्या चाकावर खडूची खूण करा, एका मुलाला बसवा आणि वीस फेऱ्यांत सायकल किती अंतर जाते ते टेपने मोजा. मग हवा अर्धी करून पुन्हा मोजा. फरक वितीत मोजण्याइतका दिसतो.

नायट्रोजनविषयी दोन शब्द, कारण प्रश्न येणारच. आपण श्वासात घेतो त्या हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन असतोच. शुद्ध, कोरडा नायट्रोजन भरल्याने हवा थोडी सावकाश उतरते, हा लाभ आहे. मापक लावण्याच्या कष्टातून त्याने सुटका होत नाही.

कुलुपातले विज्ञान

२०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून देशात अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. त्यांची संख्या दहा हजारांवर गेली, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत आणखी पन्नास हजार उभारण्याची घोषणा झाली. सहावी ते बारावीच्या मुलांनी हाताने काही घडवावे, हा त्यामागचा संकल्प. योजना उत्तम आहे. परंतु एका शाळेत मी पाहिले, तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, की सर्व संच काचेच्या कपाटात कुलूपबंद होते. मुले हात लावतील, वस्तू मोडतील, मग लेखापरीक्षणात उत्तर कोण देणार, असे कारण मिळाले. भिंतीवर मात्र उद्घाटनाची छायाचित्रे होती. वस्तू मोडली नाही म्हणजे ती वापरली नाही, असा शेरा लेखापरीक्षकानेच द्यायला सुरुवात केली तर हे चित्र लवकर पालटेल.

या मातीत याची उदाहरणे नाहीत असे थोडेच आहे? १८८८ मध्ये बेलफास्टला डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. त्याच वर्षी बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले. मुंबईच्या तांत्रिक संस्थेत शिकवणारा हा शिक्षक सायकल दुरुस्त करता करता लोखंडी नांगरापर्यंत आणि पुढे किर्लोस्करवाडीपर्यंत पोहोचला. मद्रासमध्ये १९४६ साली खेळण्यातील फुगे करणाऱ्या छोट्या उद्योगातूनच पुढे एमआरएफ हा टायरचा विशाल उद्योग उभा राहिला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून परतलेल्या डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि शाळा सोडलेल्या मुलांना हातातून डोक्यात जाणारे शिक्षण दिले.

आपल्या आर्डुइनोचा आराखडा मूळ इटलीतील इव्रिया गावचा, २००५ चा आहे आणि तो जगाला खुला आहे. आत बसवलेली चिपही आपली नाही. स्वदेशीचा विचार मानणाऱ्या मंडळींनी हे झाकून ठेवू नये. चिप इथे बनण्याचे प्रयत्न चालू आहेत, ते यशस्वी होतील. पण ती बनवणारा अभियंता आज सातवीत आहे आणि त्याने अजून एकदाही स्क्रू-ड्रायव्हर हातात धरलेला नाही, ही खरी चिंता आहे. आपल्या गावचा लोहार बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवताना ती तापवून प्रसरण पावू देतो, लाकडी चाकावर चढवतो आणि पाणी ओतून आवळतो. तापमान आणि आकारमान यांचे नाते त्याच्या हातात होते. त्याच्या मुलाला ते पुस्तकात वाचावे लागते, नातवाला तर तेही परीक्षेपुरतेच. एखाद्या जुन्या ग्रंथातील श्लोकात आधुनिक यंत्र शोधण्यापेक्षा त्या लोहाराला शाळेत आणणे मला अधिक निकडीचे वाटते.

विजयादशमीला आपण वाहनांची पूजा करतो. झेंडूच्या माळा घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. साधनांविषयीची ही कृतज्ञता आपल्या संस्कृतीचे वैभव आहे. त्या दिवशी सकाळी, माळ घालण्यापूर्वी, शाळेच्या मुलांनी आपापल्या वस्तीतील प्रत्येक वाहनाची हवा थंड टायरवर मोजून चिठ्ठी लावावी. सुचवलेला आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत असतो. टायरच्या बाजूवर छापलेला असतो तो कमाल मर्यादेचा आकडा, त्याच्याशी गल्लत होऊ देऊ नये. खाचा किती खोल उरल्या तेही पाहावे, मोटारीसाठी १.६ मिलिमीटर ही किमान मर्यादा आहे. पेट्रोल पंपावर विनामूल्य हवा मिळणे ही ग्राहकासाठी असलेली सोय आहे, ती मागून घ्यावी आणि मापक बंद असेल तर तेथील तक्रारवहीत लिहावे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यातून ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले ते अशाच लहान वाटणाऱ्या गोष्टींपासून.

भाषणापूर्वी एका मुख्याध्यापकांनी विचारले होते की, ही यंत्रणा शाळेच्या बसलाही लावता येईल का. याच स्वरूपात नाही, आणि कृपया प्रयत्नही करू नये. मोठ्या बसच्या टायरमध्ये शंभर पीएसआयच्या आसपास दाब असतो. आपला सेन्सर, नळी आणि क्लिपा त्यासाठी नाहीत. बससाठी चालकाकडे चांगला मापक द्यावा आणि दर सोमवारी बस सुटण्यापूर्वी, चाके थंड असताना, चालकाने सहाही टायर मोजावेत. मागच्या जोडचाकांपैकी आतले चाक नजरेला दिसत नाही, ते हमखास राहून जाते. तिथे मापक पोहोचेल अशी व्हॉल्व्हची वाढीव नळी बसवून घ्यावी. आकडे लिहायची वही मात्र आठवीच्या वर्गाकडे द्यावी.